पोटांतील जंतु व नवीं आम्लशामक औषधें

पोटांत जळजळ झाली कीं औषधाच्या दुकानांतून एखादी गोळी आणावी आणि बरें वाटलें कीं ती गोष्ट विसरून जावी, असा परिपाठ आमच्या गुलमंडीच्या पेठेंतच काय, घरोघरीं दिसतो. 'पित्त झालें' म्हटलें म्हणजे रोगाची मीमांसा संपली, असें आपण समजतों. परंतु कित्येकदां या जळजळीच्या मुळाशीं एक जंतु असतो.

त्याचें नांव हेलिकोबॅक्टर पायलोरी. जठरांतील तीव्र आम्लांत जंतु टिकत नाहींत, अशी पूर्वी विद्वानांची समजूत होती. १९८२ सालीं ऑस्ट्रेलियांतील पर्थ शहरीं डॉ. वॉरेन व डॉ. मार्शल यांनीं हा जंतु वाढवून दाखविला. तरीहि विश्वास बसेना, तेव्हां १९८४ सालीं मार्शल यांनीं तो स्वतः प्राशन केला व थोड्याच दिवसांत त्यांच्या जठरास दाह झाला. २००५ सालीं उभयतांस नोबेल पारितोषिक मिळालें.

हा जंतु अमोनिया निर्माण करून आपल्याभोंवतींचें आम्ल मारतो. तो बहुधा बालपणींच पोटांत शिरतो. अनेकांस त्याचा त्रास होत नाहीं; पण कांहींच्या जठरांत व्रण होतो, क्वचित् कर्करोगहि.

आम्ल कमी झाल्यावांचून जंतुनाशक औषधांस पुरता जोर येत नाहीं. ओमेप्राझोलसारख्या जुन्या औषधांस कार्य करण्यासाठीं आम्लच लागतें. म्हणून तीं जेवणापूर्वीं घ्यावयाचीं, आणि त्यांचा पूर्ण प्रभाव पडण्यास कांहीं दिवस जातात. व्होनोप्राझान हें नवें औषध आम्ल बाहेर टाकणाऱ्या पेशींतील पंपांत पोटॅशियमची जागाच अडवितें. त्याचा प्रभाव पहिल्या दिवसापासून पडतो व त्यास जेवणाच्या वेळेचें बंधन नाहीं. जपानांत त्यास २०१४ सालीं मान्यता मिळाली. या जंतूवरील उपचारासाठीं अमेरिकेंत २०२२ सालीं. आतां तें आपल्या देशांतहि मिळतें.

परंतु हें औषध वाट मोकळी करतें. जंतूचा नाश जंतुनाशकांनींच व्हावयाचा. नुसती आम्लशामक गोळी घेतल्यानें जळजळ शमते, जंतु मात्र राहतो. इतकेंच नव्हे, तर श्वासाच्या तपासणींत तो लपूनहि बसतो. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानें ती गोळी तपासणीपूर्वीं दोन आठवडे बंद ठेवावी लागते. औषधक्रम बहुधा १४ दिवसांचा असतो. चौथ्या दिवशीं बरें वाटलें म्हणून तो सोडल्यास उरलेले जंतु औषधास दाद देईनासे होतात.

मुलांनो, घरांतील वडील माणसें महिनोन्महिने गोळ्या घेत असतील, त्यांचें वजन घटत असेल किंवा शौच काळी होत असेल, तर आग्रहानें त्यांस डॉक्टरांकडे न्या. जळजळ थांबणें म्हणजे रोग जाणें नव्हे.