बंबानंतरचे ऊन पाणी

आष्ट्यासारख्या कृष्णाखोऱ्यातल्या उसाच्या गावी ज्यांनी पहाटेचे परसदार पाहिले आहे, त्यांना तांब्याच्या बंबाची निराळी ओळख करून देण्याचे प्रयोजन नाही. मधल्या नळीत चिपाडे, तुराट्या नाहीतर शेंगांची फोलपटे सरकवावीत, खालच्या जाळीतून राख गळावी आणि पितळी तोटीतून कढत पाण्याची धार घंगाळात पडावी, हा शिरस्ता कित्येक पिढ्या निर्वेध चालला. बंबाचा दोषही उघड असे. नळी पाझरू लागली की राख भिजे आणि तांबटाने डाख दिला की काम भागे.

विजेच्या गिझरचे सारे कार्य मात्र आवरणाआड चालते. त्यामुळे तो मंदावला की बिघाड कोठे आहे हे न पाहताच नव्याची खरेदी होते आणि ज्या कारणाने जुना गेला, तेच नव्याच्याही वाट्याला येते. आपल्या मुलखात हे कारण पुष्कळदा पाण्यातच असते. ज्या खोऱ्यात अतिपाण्याने जमिनी क्षारपड झाल्या, तेथे विहिरींचे नि बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड लागते. ते तापले की त्यातील क्षारांची पुटे कॉइलवर चढतात, उष्णता अडते, आतून तडतड ऐकू येते आणि अखेर कॉइल जळते.

म्हणून प्रथम रीतसर तपासणी करवावी. कॉइल किंवा थर्मोस्टॅट बिघडला असेल, तर तेवढाच भाग बदलता येतो. टाकीच गंजून गळू लागली असेल, तर दुरुस्तीचा आग्रह सोडावा. पुष्कळ टाक्यांत मॅग्नेशियमची एक कांडी असते, जी स्वतः झिजून टाकीचे पोलाद राखते. जड पाण्याच्या घरी ती दरवर्षी पाहावी.

नवा गिझर घेताना गरजेचा अदमास घ्यावा. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे १.२ युनिट वीज लागते. २००० वॉटच्या गिझरला त्यासाठी पस्तीसेक मिनिटे पुरतात. आयएसआय खूण व ऊर्जाबचतीचे तारे पाहावेत. १६ अँपिअरचा सॉकेट, पक्के अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, हा बंदोबस्त पैशाच्या हिशेबात कधीही कापू नये. सुरक्षा-झडपेचे तोंड ठिबकते म्हणून बुजवू नये. गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात मुळीच बसवू नये, कारण त्यातून निघू शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि तो माणसाला सावध होण्याची सवड देत नाही.

गच्चीवर दक्षिणेचे ऊन निर्वेध येत असेल, तर सौरबंबाचा विचार अवश्य करावा. १०० लिटर पाणी तितकेच तापवण्यास साडेचार युनिटांहून अधिक वीज लागते, ती उन्हाच्या दिवसांत वाचते. पावसाळ्याची तजवीज मात्र वेगळी ठेवावी आणि जड पाण्याने सपाट पॅनेलातल्या बारीक नळ्या चोंदतात, हे विक्रेत्याशी आधीच बोलून घ्यावे.

एवढे एक अगत्याने करावे: जुना गिझर उतरवला की मोडीत घालण्यापूर्वी कारागिराकडून तो उघडवून घ्यावा. त्यातून निघालेली पांढरी, शिंपल्यासारखी खपली तळहातावर घेऊन पाहिली, म्हणजे नव्या उपकरणाला आपल्या घरी कोणत्या पाण्याशी दिवस काढायचे आहेत, हे कोणत्याही हमीपत्रापेक्षा स्पष्ट कळते.