लॉर्नाची सुरुवातीची रेकॉर्ड कशी ओळखायची?

शिवडीतल्या माझ्या टेबलावर लॉर्नाची जुनी रेकॉर्ड आहे. लॉर्ना म्हणजे मुंबईच्या नाइट क्लबांत ख्रिस पेरीच्या बँडबरोबर गाणारी कोंकणी गायिका. पुढे वीसेक वर्षं तिचं गाणं बंद होतं; १९९५ मध्ये ती मंचावर परतली.

मग तिची सुरुवातीची गाणी कोणती? आपण लेबलवरचा नंबर बघतो आणि फसतो. तो विक्रीसाठीचा, रेकॉर्ड नव्याने बाजारात आली की बदलू शकतो. लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स नंबर बघा. तो त्या बाजूच्या मास्टरचा असतो. दोन रेकॉर्डवर तोच नंबर दिसला, तर मूळ बहुधा एकच.

पण गाणं नेमकं कधी गायलं, हे त्यातूनही कळत नाही. त्यासाठी जुन्या पेपरांतल्या जाहिराती चाळा, वादकांना विचारा. वादक आता थकलेत, तेव्हा आधी त्यांच्याकडे जा. लायब्ररी नंतरही उघडी असेल.