भावाच्या डोळ्यातलं कुसळ

मंडळीतला एखादा भाऊ दारूच्या आहारी गेलेला असतो. पगार घरापर्यंत पोचत नाही, मुलांची फी थकलेली असते, आणि हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याला कुणी बोलावं का? एकजण म्हणतो, येशूने इतरांचा न्याय करायला मनाई केली आहे. दुसरा म्हणतो, त्याच येशूने भावाकडे जाऊन त्याचा अपराध त्याला दाखवायला सांगितलं आहे. दोघांच्या हातात मत्तयाचंच शुभवर्तमान असतं. एकाचं बोट सातव्या अध्यायावर, दुसऱ्याचं अठराव्यावर. वाद रंगतो आणि तो भाऊ संध्याकाळी पुन्हा गुत्त्याकडे वळतो.

माझं म्हणणं आधीच सांगते. पाप दाखवावं; पण ज्याला ते माणूस परत हवं आहे, त्यानेच दाखवावं. बायबलमध्ये याविषयी जे जे नियम आहेत, ते मला या एका गोष्टीभोवती फिरताना दिसतात.

कुसळ आणि मुसळ

सातव्या अध्यायातला दृष्टान्त मराठी माणसाला म्हणीसारखा पाठ असतो, कारण आपल्या बायबलात तिथे कुसळ आणि मुसळ हेच शब्द आहेत. मूळ ग्रीकमध्ये मुसळाच्या जागी घराची तुळई आहे. सुताराच्या घरात वाढलेल्या माणसाच्या तोंडी तुळई यावी, हे मला फार साहजिक वाटतं.

हा दृष्टान्त आपण बहुधा अर्ध्यावर सोडतो. भावाच्या डोळ्यातलं कुसळ तसंच राहू दे, असं येशू म्हणत नाही. आधी स्वतःचं मुसळ काढायचं, मग नीट दिसेल, आणि मग भावाचं कुसळ काढता येईल, असा तो क्रम आहे. कुसळ खुपतंच, ते निघायलाच हवं. पण डोळ्यात कुसळ गेल्यावर आई काय करते ते आठवावं. पोराला उजेडाकडे वळवते, पदराचं टोक ओलं करते, पापणी हलकेच उलटते आणि श्वास रोखून ते टिपते. त्यासाठी ती आळी गोळा करत नाही. मनाई आहे ती न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून निकाल देण्याला. डोळा साफ करण्याला नाही.

जुन्या करारातही हे असंच आहे. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात अठराव्या वचनात येते. तिच्या आधीचं सतरावं वचन सांगतं की मनात भावाचा द्वेष धरू नये, त्याला उघड बोलावं. म्हणजे न बोलता मनात अढी ठेवणं हेसुद्धा प्रेमाच्या विरुद्धच धरलं आहे.

आधी एकट्याला

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूने पायऱ्या घालून दिल्या आहेत. पहिल्यांदा त्या माणसाकडे एकट्याने जायचं. त्याने ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत न्यायचं. तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांगायचं. मंडळीचंही ऐकलं नाही तर त्याला विदेशी किंवा जकातदारासारखा समजायचं.

इथे पाठभेदाचा एक मुद्दा आहे. भावाने 'तुझा' अपराध केला तर, असं आपण वाचतो. पण चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन अतिशय महत्त्वाच्या हस्तलिखितांत 'तुझा' हा शब्द नाही. तो शब्द धरला तर नियम आपल्यातल्या भांडणापुरता राहतो. सोडला तर भावाचं कुठलंही पाप त्यात येतं. अभ्यासकांत यावर आजही एकमत नाही. मला मात्र दोन्ही वाचनांत पहिली पायरी तीच राहते हे महत्त्वाचं वाटतं: तू आणि तो, तिसरा कुणी नाही. मराठीत याला कानउघाडणी म्हणतात. कान उघडायचा तर कानाजवळ जावं लागतं.

या बोलण्यातून काय साधायचं, त्यासाठी ग्रीकमध्ये व्यापाऱ्याच्या तोंडचा शब्द आहे: नफा होणे, मिळवणे. भावाने ऐकलं तर भाऊ मिळाला. वादात जिंकण्याचा तिथे उल्लेख नाही.

दुसऱ्या पायरीवरच्या एक-दोन साक्षीदारांचा अर्थही आपण उलटा लावतो. आपल्या बाजूची माणसं गोळा करायची, असं वाटतं. पण हा नियम अनुवादाच्या पुस्तकातून आला आहे, आणि तिथे तो एकाच माणसाच्या शब्दावर कुणाला दोषी ठरवू नये म्हणून आहे. साक्षीदार दोन्ही बाजू ऐकतात. कदाचित त्यांना तक्रार करणाऱ्याचंच चुकलेलं दिसेल.

या परिच्छेदाची जागाही पाहावी. त्याच्या आधी शंभरातलं एक मेंढरू हरवल्याची गोष्ट आहे. त्याच्यानंतर पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? आणि येशू तो आकडा मोजता येणार नाही इतका वाढवतो. हरवलेलं मेंढरू आणि न संपणारी क्षमा, या दोहोंच्या मध्ये या पायऱ्या आहेत. आपण त्या उपटून मंडळीच्या घटनेत 'शिस्तभंगाची कारवाई' म्हणून लावतो, तेव्हा त्यांचा रंगच बदलतो. शिवाय प्रत्यक्षात आपण त्या उलट्या चढतो. आधी सगळ्या मंडळीला कळतं, मग दोघा-तिघांत खल होतो, आणि ज्याच्याविषयी हे चाललं आहे त्याला सगळ्यांत शेवटी समजतं.

पौल गलतीकरांना लिहितो की कुणी चुकला तर त्याला सौम्यतेने ताळ्यावर आणा. तिथलं ग्रीक क्रियापद मत्तयाच्याच चौथ्या अध्यायात आलं आहे: गालील समुद्राच्या काठी याकोब आणि योहान जाळी नीट करत बसले होते, त्या ठिकाणी. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर सांधायला पसरलेली जाळी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या शब्दाचा भाष्यकार लागणार नाही. फाटलेला भाग हातात धरावा लागतो, भोक किती ते बोटांनी चाचपावं लागतं, आणि काम संपेपर्यंत बैठक मोडता येत नाही.

बोलणाऱ्याने काय पणाला लावलं

बायबलमधले पाप दाखवण्याचे ठळक प्रसंग आठवले तर एक गोष्ट सारखी समोर येते: बोट वरच्या दिशेने उठलेलं असतं. दावीद राजाने बथशेबाला बोलावून घेतलं आणि तिचा नवरा उरीया याला लढाईत पुढे घालून मारवलं. नाथान संदेष्टा त्याच्यासमोर गेला. त्याने आरोप केला नाही, एक गोष्ट सांगितली: पुष्कळ कळप असलेल्या श्रीमंताने गरिबाची एकुलती एक कोकरी पाहुण्यासाठी कापली. राजाने संतापून शिक्षा सुनावली, तेव्हा नाथानाने तो माणूस तूच आहेस हे त्याला दाखवलं. ज्याने उरीयाला संपवलं तो नाथानालाही संपवू शकला असता. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने हेरोदाला भावाच्या बायकोवरून सुनावलं, आणि त्याचं शीर गेलं.

तिसरा प्रसंग अंत्युखियाचा. पेत्र तिथे विदेशी ख्रिस्ती लोकांबरोबर जेवत असे. यरुशलेमेहून काही यहुदी मंडळी आली आणि तो त्या पंगतीतून मागे सरला. पौलाने त्याला सर्वांसमक्ष धारेवर धरलं. इथे एकट्याला गाठण्याचा नियम का नाही? कारण अपराध उघड होता आणि त्याचा मार पंगतीत मागे उरलेल्यांवर पडत होता. पंक्तिभेद म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांच्या आजोबा-पणजोबांनी तो सोसलेला आहे.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने बंधुभावाने दोष दाखवण्यावर सविस्तर लिहिलं आणि ते दयेचं, प्रेमाचं काम मानलं. अधिकाराने खालच्या माणसाने वरिष्ठालाही बोलावं, आदर राखून, असं तो म्हणतो आणि आधार देतो तो अंत्युखियाचाच. बोलण्याने समोरचा सुधारण्याऐवजी अधिकच बिघडेल असं दिसत असेल तर थांबावं, हेही तो सांगतो.

आता आपल्याकडे बघू. मंडळीत सहसा कुणाची पापं निघतात? तरुण मुलींचे कपडे, कुणी कोणाशी लग्न केलं, कोण रविवारी आलं नाही. चर्चच्या पैशांचा हिशोब न देणाऱ्या कारभाऱ्याला त्याच आवाजात कोणी विचारत नाही. मला याची लाज वाटते. ज्या बोलण्यात बोलणाऱ्याचं काहीच जात नाही, ते तोंडाबाहेर पडण्याआधी दहादा तपासावं.

बाहेरच्यांचं काय

इथे पौल निःसंदिग्ध आहे. करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तो मंडळीतल्या एका उघड अनैतिक प्रकरणावर अतिशय कठोर लिहितो, आणि त्याच दमात सांगतो की मंडळीबाहेरच्यांचा न्याय करणं त्याचं काम नाही, ते देवाकडे आहे. शेजारच्या हिंदू किंवा मुसलमान घराच्या पापांची यादी करण्याचं काम आपल्याला कुणी दिलेलं नाही. अन्याय दिसला तर नागरिक म्हणून बोलावं, सुवार्ता सांगायची तर ती ख्रिस्ताविषयी सांगावी.

खरं असलं तरी

कॅथलिक धर्मशिक्षणाच्या १९९२च्या ग्रंथात तीन गोष्टी वेगवेगळ्या केल्या आहेत: पुरेशा आधाराशिवाय कुणाला दोषी मानणं, खोटं पसरवून बदनामी करणं, आणि सबळ कारण नसताना कुणाचा खराखुरा दोष ज्यांना तो माहीत नाही त्यांना सांगणं. तिसरी गोष्ट आपल्याला पचत नाही. 'मी काय खोटं सांगतेय का?' असं म्हटलं की आपण सुटलो असं वाटतं. या शिकवणीप्रमाणे सुटत नाही.

प्रोटेस्टंट घरसभांतून याचं एक गोड रूप दिसतं: प्रार्थनेचा विषय. 'अमक्याच्या मुलीसाठी प्रार्थना करू या, काय झालंय ते तुम्हाला कळलंच असेल.' डोळे मिटायच्या आधी सगळं सांगून झालेलं असतं. देवाला नाव आणि तपशील ठाऊक आहेत. ते इतरांना का सांगावे लागतात, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं.

गोव्यात उलटलेली शिडी

गोव्यात धर्मसमीक्षणसभा, म्हणजे इन्क्विझिशन, १५६०मध्ये सुरू झाली. मधली काही वर्षं सोडता ती १८१२पर्यंत चालली. बाटलेल्या कुटुंबांनी जुन्या चालीरीती पाळू नयेत यावर तिची नजर असे. १७३६च्या फर्मानाने तर घरातल्या साध्यासुध्या हिंदू रिवाजांवरही बंदी घातली. तिथे शेजाऱ्याने शेजाऱ्याची खबर देणं हे धर्मकर्तव्य ठरलं. शार्ल देलाँ या फ्रेंच वैद्याला दमणमध्ये पकडून गोव्याच्या तुरुंगात टाकलं होतं. सुटकेनंतर त्याचं पुस्तक १६८७मध्ये निघालं. त्यातून कळतं की आरोपीला आरोप करणाऱ्याचं नाव सांगत नसत. आपला गुन्हा काय हे त्यानेच ओळखून कबूल करायचं. मत्तयातली पहिली पायरी समोरासमोर भेटण्याची. इथे तोंड लपवलेला माणूस पहिल्या पायरीवर उभा राहिला आणि शेवटी काहींच्या वाट्याला आगीचा खांब आला. दुसऱ्याचं पाप दाखवण्याच्या हौसेला सत्ता मिळाली की काय होतं, हे आपल्या शेजारीच घडलेलं आहे.

पाप आणि गुन्हा

'आधी एकट्याला' या नियमाचा आडोसा घेऊन एक गोष्ट कधीही लपवू नये: लहान मुलांवरचा अत्याचार. इथे पीडित मुलाला अत्याचार करणाऱ्यासमोर एकटं पाठवणं हे क्रौर्य आहे. भारतात २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या एकोणिसाव्या कलमानुसार अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. न दिल्यास शिक्षा आहे. पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९मध्ये काढलेल्या आदेशाने धर्मगुरूंवर अशा प्रकरणांची खबर चर्चच्या अधिकाऱ्यांना देण्याचं बंधन घातलं. बायकोला होणारी मारहाणही 'घरातच मिटवू' म्हणण्याची गोष्ट नाही. नवरा पश्चात्ताप करतो की नाही हे नंतर पाहता येईल. आधी तिला सुरक्षित जागी नेलं पाहिजे.

रमाबाई आणि आजीबाई

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या आध्यात्मिक आई. रमाबाईंची लहानगी मुलगी मनोरमा आणि स्वतः रमाबाईही त्यांना आजीबाई म्हणत. पण दोघींचे खटके उडत राहिले. रमाबाई शाकाहार सोडत नव्हत्या. क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरं हवीत असं त्यांचं म्हणणं होतं. चर्चच्या काही शिकवणी त्या विचारल्याशिवाय मानत नव्हत्या. जेराल्डिन यांना यात अहंकाराचं पाप दिसलं आणि त्यांनी ते वारंवार दाखवलं. रमाबाईंनी उत्तरं दिली: एका पुरोहितवर्गाचं जोखड उतरवून दुसऱ्याचं मानेवर घेणार नाही, सदसद्विवेक देवाने दिलेला आहे.

जेराल्डिन दुष्ट नव्हत्या. त्यांचं रमाबाईंवर प्रेम होतं, म्हणूनच हे उदाहरण मला अवघड आणि मोलाचं वाटतं. त्यांनी जे पाप म्हणून दाखवलं त्यातलं बरंचसं फक्त परकं होतं: वेगळं ताट, वेगळी लिपी, वेगळा ताठ कणा. प्रेम असूनही डोळ्यात मुसळ असू शकतं, आणि त्यांच्या डोळ्यातलं मुसळ राज्यकर्त्या समाजाचं होतं.

१८८६मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या, पुढे मायदेशी परतल्या, मुक्तिसदन उभं राहिलं. पत्रं येत-जात राहिली. उतारवयात जेराल्डिन यांनी हा सगळा पत्रव्यवहार स्वतः जुळवून ठेवला. १९७७मध्ये तो अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली मुंबईत प्रसिद्ध झाला. जेराल्डिन यांचं काय चुकतं हे रमाबाईंनी ज्या पत्रांत स्पष्ट लिहिलं आहे, तीही जेराल्डिन यांनी त्यातून काढली नाहीत. 'माझ्या प्रिय आजीबाई' ही हाकही तिथे आहे.