ताकद वाढविताना ब्रेकचाही विचार हवा

बारामती - गाळप हंगाम सुरू झाला, की माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर आणि बिजवडीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात. दिवसाकाठी एक खेप वाढली, तर हंगामाचा हिशेब बदलतो. त्यामुळे डिझेल पंपाची सेटिंग वाढवून किंवा टर्बोचार्जर बसवून इंजिनाची ताकद वाढविण्याचा मोह बारामती व इंदापूर तालुक्यांतील ट्रॅक्टरमालकांना होणे स्वाभाविक आहे. मात्र, वाढलेली ताकद इंजिनापुरती राहत नाही. तिचा भार थेट ब्रेकपर्यंत पोचतो.

हवा आणि इंधनाचे गणित

इंजिनाची ताकद ही त्यात किती इंधन पूर्ण जळते, यावर ठरते. आणि इंधन जळण्यास पुरेशी हवा लागते. हवा दाबून आत भरण्याचे दोन मार्ग आहेत. सुपरचार्जर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो, तर टर्बोचार्जर धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर. हवा न वाढविता केवळ डिझेल वाढविले, तर काळा धूर निघतो, धुराड्यातील वायूचे तापमान चढते आणि पुढे पिस्टन, व्हॉल्व्ह व हेड गॅस्केटला इजा होते. काळा धूर म्हणजे जोर, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. तो वाया गेलेल्या डिझेलचा धूर असतो.

अमेरिकी मोटारींचा धडा

सुपरचार्जर बसविलेल्या 'मसल कार' या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे डॉजची चॅलेंजर हेलकॅट. २०१५ च्या मॉडेलमधील ६.२ लिटरच्या इंजिनाची ताकद ७०७ अश्वशक्ती होती. कंपनीने तेथे केवळ सुपरचार्जर चढविला नाही. दाबलेली हवा तापते म्हणून ती थंड करणारी यंत्रणा दिली, वाढीव जोर पेलणारा गिअरबॉक्स दिला आणि पुढच्या चाकांना १५.४ इंच व्यासाच्या ब्रेक डिस्क बसविल्या. ताकद वाढविण्याचा खरा खर्च या जोडीच्या बदलांत असतो.

आधी काय तपासावे?

ट्रॅक्टरलाही हाच क्रम लागू पडतो. प्रथम जुन्या इंजिनाचे कॉम्प्रेशन, ऑईलचा दाब, नोझल व रेडिएटर तपासावेत. झिजलेल्या इंजिनावर टर्बो बसविणे म्हणजे त्याचे आयुष्य कमी करणे होय. अनेकदा एअर फिल्टर, नोझल आणि पंप मूळ मापात आणल्यावरच हरवलेला जोर परत मिळतो. त्यापुढे जायचे, तर इंटरकूलर, धुराड्याचे तापमान दाखविणारा काटा, भक्कम क्लच आणि टर्बोला सतत स्वच्छ ऑईल या गोष्टी टाळता येत नाहीत. जड ओढ संपताच इंजिन लगेच बंद न करता काही वेळ मंद फिरू द्यावे, म्हणजे तापलेल्या टर्बोतील ऑईल जळत नाही.

थांबण्याची ताकद

वेग ताशी २० वरून ३० किलोमीटर झाला, तर वजन तेच असतानाही थांबविण्याची ऊर्जा सव्वादोन पट होते. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर मागचा भार ट्रॅक्टरला ढकलतो आणि ट्रॉली आडवी होते. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला अशी ट्रॉली दिवा वा रिफ्लेक्टर नसल्यास दिसतही नाही. म्हणून पहिला खर्च ट्रॉलीचे ब्रेक, टायर, जोडणीची पिन आणि रिफ्लेक्टरवर व्हावा.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल, असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडचणीत येतो. कोणताही बदल करण्यापूर्वी बारामतीच्या परिवहन कार्यालयात चौकशी करणे म्हणूनच हिताचे. ओढ खरोखरच कमी पडत असेल, तर मूळचाच अधिक अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेणे किंवा एक ट्रॉली कमी जोडणे हा सुरक्षित मार्ग ठरतो.