ज्योनं लॉरीला ‘नाही’ का म्हटलं?

आवडतं पुस्तक संपलं की मनात एकच प्रश्न येतो, ‘पुढं काय झालं?’ मग दुसरा भाग हाती लागतो. आपण तो अधाशासारखा वाचून काढतो आणि चक्क लेखिकेवरच चिडतो! लुइसा मे अल्कॉट या अमेरिकन लेखिकेवर तर गेली दीडशे वर्षं मुली चिडताहेत.

त्यांचं पुस्तक ‘लिटल विमेन’. मराठीत ते ‘चौघीजणी’ या नावानं आणलं कवयित्री शांता शेळके यांनी. शांताबाई तशा आपल्या भागातल्याच. पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणच्या पुढं राजगुरुनगर लागतं ना, तिथं त्यांचं प्राथमिक शिक्षण झालं. १९९६ साली आळंदीला मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याच्या अध्यक्षाही त्याच होत्या.

मेग, ज्यो, बेथ आणि एमी या चार बहिणींची ही गोष्ट. वडील युद्धावर गेलेले, घरात पैशांची चणचण. ज्यो तापट, धसमुसळी, पण लेखिका व्हायचं स्वप्न बघणारी. शेजारच्या मोठ्या घरात आजोबांजवळ राहणारा लॉरी (चाकणच्या रस्त्यावर दिसते ती नव्हे हं!) हा तिचा जिवलग दोस्त. पहिला भाग १८६८ साली आला. दोन हजार प्रती बघता बघता संपल्या आणि मुलींची पत्रं येऊ लागली. या बहिणींची लग्नं कुणाशी होणार? ज्योचं लॉरीशीच ना?

अल्कॉटबाई वैतागल्या. लग्न हेच जणू मुलीच्या आयुष्याचं एकमेव ध्येय, असं काय विचारता? कुणाला खूश करायला ज्योचं लग्न लॉरीशी लावणार नाही, असं त्यांनी डायरीत नोंदवून ठेवलं. दुसरा भाग दोनच महिन्यांत लिहून झाला आणि १८६९ साली छापून आला.

(ज्यांना गोष्ट आधी कळायला नको असेल, त्यांनी इथंच थांबावं!)

लॉरी ज्योला लग्नाचं विचारतो आणि ती ‘नाही’ म्हणते. वाचताना फार लागतं ते. लॉरी काही वाईट मुलगा नाही. श्रीमंत आहे, देखणा आहे, तिच्यावर त्याचा खरा जीव आहे. पण ज्योचंही ऐका. दोघं सारखेच तापट, रोज भांडणं होतील. तिचं लिहिणं त्याला आवडणार नाही. आणि मुख्य म्हणजे, मित्र म्हणून ती त्याच्यावर माया करते, पण त्यापलीकडचं तिच्या मनात नाही. ते ती स्पष्ट सांगते, त्याला आशेवर झुलवत ठेवत नाही.

सिनेमात हीरो मागं लागत राहतो आणि शेवटी हीरॉइन ‘हो’ म्हणते. इथं तसं होत नाही. लॉरी रुसतो, आजोबांबरोबर युरोपला जातो, आळसात दिवस काढतो. तिथं एमी त्याला चांगली फटकारते, तेव्हा कुठं तो सावरतो. पुढं एमीशीच त्याचं लग्न होतं.

आणि ज्यो? ती प्रोफेसर भायर या तिच्याहून बऱ्याच मोठ्या जर्मन गृहस्थांशी लग्न करते. इथं मात्र मन खट्टू होतं. प्रोफेसरांना सनसनाटी गोष्टी आवडत नाहीत, म्हणून ज्यो स्वतःच्या तसल्या गोष्टी शेगडीत घालते! खरं तर अल्कॉटबाईंना तिला अविवाहित लेखिकाच ठेवायचं होतं. त्यांनी स्वतःही लग्न केलं नाही. पण पत्रांचा मारा एवढा होता, की त्यांनी मुद्दामच असा विचित्र जोडीदार शोधला. लॉरीच्या बाबतीत त्या ठाम राहिल्या, लग्नाच्या बाबतीत नमल्या. ही ओढाताण वाचताना जाणवते.

तरी ‘नाही’चा तो प्रसंग विसरता येत नाही. नकार देणारी ज्यो दुष्ट ठरत नाही आणि नकार ऐकणारा लॉरी त्या घरापासून कायमचा तुटत नाही. आई-बाबांनो, म्हणूनच हे ‘मुलींचं पुस्तक’ म्हणून बाजूला ठेवू नका. ‘नाही’ म्हणायचं कसं हे मुलींना हवं, आणि ते ऐकायचं कसं हे मुलांनाही.

आता तुम्हीच वाचा आणि ठरवा. ज्योचं चुकलं का? घरी आईला किंवा मावशीलाही विचारून बघा. तुमच्या वयात त्यांनी ‘चौघीजणी’ वाचलं असेल, तर त्या कुणाच्या बाजूच्या होत्या?