ट्रेबलचं बटण कोण फिरवतं?

आमच्या दिवाणखान्यातल्या स्टिरिओची बटणं रात्री एका जागी असतात आणि सकाळी दुसऱ्याच. केर काढता काढता मी बघते आणि शेवटी कोण उठलं ते मला कळतं. ‘बास’ उजवीकडे वळलेला असला तर आमचे ‘हे’. ‘ट्रेबल’ पार टोकाला गेलेला असला तर मामंजी!

स्टिरिओ तसा मामंजींचाच. १९८२ साली शेजारीपाजारी रंगीत टीव्हीच्या मागे होते, तेव्हा ह्यांच्या वडिलांनी पैसे साठवून तो घेतला. नाट्यगीतं, ख्याल, शिवाय आजेसासऱ्यांच्या ७८च्या जाड तबकड्या. त्यांना सुईसुद्धा वेगळी लागते बरं का! ७८ची खाच रुंद, एलपीची बारीक. एलपीची सुई ७८वर ठेवली की ती खाचेच्या तळाशी घासते, आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त. मामंजींनी दोन्ही सुया डबीत जपून ठेवल्यात. एवढी निगा मी लोणच्याच्या बरणीचीही राखत नाही.

ह्यांनी चार वर्षांपूर्वी तो दुरुस्त करून नवे स्पीकर जोडले. ह्यांचा स्वभाव एकट्यानं बसून ऐकण्याचा. दोन स्पीकर आणि आपली खुर्ची यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा, म्हणून माझा सोफा हलला. एक स्पीकर कोपऱ्यात गेला तर डग्ग्याचा ढोल झाला! भिंतीपासून हातभर पुढे ओढल्यावर थांबलं. उघड्या फरशीवर आवाज खणखणत होता, तिथे सतरंजी आणि खिडक्यांना जाड पडदे हा मात्र माझा उपाय. तुमच्याकडे घ्यायचा असेल तर वॉटच्या आकड्यांना भुलू नका. वॉट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, जेमतेम थोडा वाढतो. दुकानात आपली रोजची रेकॉर्ड घेऊन जा आणि गाणारीचा गळा ओळखीचा वाटतो का ते बघा.

चिरंजीवांना नुसती धडधड हवी. त्यांचं सोडा.

आणि मी? मला कुणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मी ऐकते ती ओट्यापाशी, कुकरच्या शिट्ट्यांतून. दारातून जवळचाच स्पीकर ऐकू येतो, त्यामुळे कधी कधी नुसती व्हायोलिनंच माझ्या वाट्याला. मग एके दिवशी पुसताना ‘मोनो’ असं बारीक बटण सापडलं. ते दाबलं की दोन्ही स्पीकरमधून सगळं सारखं येतं. इतकी वर्षं ते कुणी दाबलंच नव्हतं.

पण सांगायचं होतं ते ट्रेबलचं. “बाबा, कान किटतात हो!” असं म्हणून हे रोज तो उतरवायचे. मामंजी काही बोलायचे नाहीत. हळूहळू त्यांनी बाहेर येऊन बसणंच सोडलं. मला वाटलं, रुसले. एकदा मी विचारलं, “शिरा करू का?” तर म्हणाले, “हिरा? कसला हिरा?” आम्ही सगळे हसलो. रात्री मात्र मला झोप लागेना.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, वयाबरोबर उंच पट्टीचे आवाज आधी जातात, आणि स, श, फ, त ही अक्षरं नेमकी त्यातली. आवाज ऐकू येतो, शब्द लागत नाही. म्हणजे मामंजी हट्ट करत नव्हते. पाठ असलेल्या गाण्यातले निसटलेले शब्द ते त्या बटणात शोधत होते! हे ऐकून आमचे हे दवाखान्याच्या जिन्यातच थांबले.

आता यंत्र आलंय. बोलणं छान कळतं, पण पेटी पत्र्याची वाटते म्हणतात. ही यंत्रं मुळात बोलण्यासाठी लावलेली असतात. संगीतासाठी वेगळं लावून मिळतं, त्यासाठी पुढच्या आठवड्यात जायचंय. तोवर रेकॉर्ड ऐकताना मामंजी यंत्र काढून ठेवतात आणि ट्रेबल टोकाला नेतात. बसतात मात्र ह्यांच्या खुर्चीत. हे सतरंजीवर टेकतात, कान किटले तरी बटणाला हात लावत नाहीत. कुकर चढवला की मी तेवढं मोनो दाबून येते.