नवं हॉटेल, नवा तवा

नव्या हॉटेलात टेबलं नवी असावीत, भांडी नवी असावीत, पाटीवरचा रंग ओला असला तरी चालतं. तवा मात्र नवा चालत नाही. कोथरूडमध्ये नुकतंच सुरू झालेलं एक डोशाचं हॉटेल आहे, तिथल्या न्याहारीवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं म्हणून गेलो. न्याहारी उत्तम आहे, हे आधीच सांगून टाकतो. इडलीला आंबल्याचा मंद वास आहे, चटणीत ओल्या नारळावर डाळ्यांनी कुरघोडी केलेली नाही, आणि कॉफी पेल्यातून वाटीत ओतताना फेस धरते. पण सगळी सकाळ मी भटारखान्याच्या दारातच उभा होतो. आत तवा होता आणि तव्यामागे कुंदापूरकडचे अण्णा.

तवा म्हणजे बोटभर जाडीचा, एका वेळी सहा डोसे मावतील असा पोलादी पाट. असा पाट नवा येतो तेव्हा त्यावर काळपट खपली असते. ती घासून काढायची, पाट धुऊन कोरडा करायचा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा आणि धूर येईपर्यंत तापवायचा. हे पुन्हा पुन्हा. तापलेल्या तेलाचे रेणू एकमेकांत गुंततात आणि लोखंडाला घट्ट धरून बसणारा कडक, गुळगुळीत थर तयार होतो. डोसा सुटून येतो तो या थरावरून. हॉटेल उघडण्याआधी अण्णांनी कितीतरी दिवस या तव्यावर फक्त तेल जाळलं आणि कांदा परतला. तेव्हा घातलेले डोसे ताटलीपर्यंत पोचलेच नाहीत, कारण चिकटून फाटत होते. "नवा तवा ऐकत नाही," अण्णा म्हणाले. मालक रोज विचारायचे, अण्णा, उद्घाटनाची तारीख धरू का? अण्णा मान हलवायचे.

आता तवा ऐकतो. पण दर डोशाला त्याची समजूत काढावी लागते. अण्णा पाण्याचा हबका मारतात आणि थेंबांकडे बघतात. थेंब गोळ्या होऊन तव्यावर पळू लागले तर तवा फार तापला आहे, कारण थेंबाखाली वाफेची गादी तयार होऊन पाणी लोखंडाला टेकतच नाही. अशा तव्यावर पीठ टाकताक्षणी आळतं, पसरायच्या आत डावाला चिकटून उचललं जातं. थेंब चर्रर्र करून जागच्या जागी आटले की तवा बरोबर. मग खराट्याने पाणी ओढून काढायचं आणि डावभर पीठ मधोमध. त्याच डावाच्या बुडाने आतून बाहेर फिरत जायचं, एका दमात. मी मनगटाकडे बघत होतो, पण हालचाल खांद्यातून येते. कडा तांबूस होऊन आपोआप उचलल्या जाईपर्यंत उलथनं लागत नाही. लोण्याचा गोळा त्यानंतर.

पीठ दळतो तो दगडी ग्राइंडर. विजेवर चालणारा हा ग्राइंडर कोइमतूरच्या पी. सबापती यांनी 1955च्या सुमारास बनवला, आणि त्या शहराच्या ग्राइंडरला पुढे भौगोलिक मानांकनही मिळालं. मिक्सरच्या पात्याने पीठ गरम होतं. दगड हळू फिरतो, उडीद थंड राहतो आणि त्यात हवा भरते. तांदूळ आणि उडीद इथे वेगवेगळे दळून मग हाताने एकत्र करतात.

मुंबई-पुण्याला या न्याहारीची सवय लागून ऐंशीएक वर्षं झाली. माटुंग्यात 1940च्या आसपास एकामागून एक खाणावळी उभ्या राहिल्या, रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग 1942चं. पुण्यात जगन्नाथ शेट्टींचं 'वैशाली' ही तर एक संस्थाच झाली. अलीकडे दावणगिरीच्या लोणी डोशाची लाट आली आहे आणि कोथरूडचं हे हॉटेल त्याच लाटेवरचं.

लाटेचीच मला काळजी वाटते. डोसा खपतो म्हटल्यावर गिऱ्हाईक पावभाजी डोसा मागतं, शेजवान डोसा मागतं. त्यात भाजी डोशावरच, तव्यावर ठेचायची असते. टोमॅटोचा रस कडेने गळून तव्याला लागतो आणि आंबट रसाने तेलाचा थर हळूहळू सुटतो. त्या जागी पुढचा साधा डोसा चिकटतो. मालक वाईट नाहीत. त्यांच्या वडिलांचं चिंचवडला कँटीन होतं, त्यांना धंदा कळतो. पण भाडं दर महिन्याला येतं आणि पावभाजी डोशाला साध्यापेक्षा जास्त पैसे मिळतात. अण्णांनी तव्याचा डावा कोपरा त्यासाठी सोडला आहे. रोज रात्री तो कोपरा पुन्हा घासून तेल जाळावं लागतं, आणि ते काम बाकीचे सगळे घरी गेल्यावर होतं.

गॅसचं गणितही तवाच ठरवतो. एवढं लोखंड एकदा थंड झालं की तापायला वेळ घेतं, म्हणून साडेनऊ ते अकराच्या रिकाम्या वेळातही बर्नर चालू ठेवावे लागतात. एकोणीस किलोचं सिलिंडर गिऱ्हाईक नसतानाही रिकामं होत राहतं. घरपोच मागवलेला डोसा डब्यात स्वतःच्याच वाफेने मऊ पडतो, आणि तक्रार हॉटेलच्या नावावर चढते. मला विचाराल तर डोसा डब्यात घालून पाठवूच नये. मालकांना तसं म्हणणं परवडत नाही.

डिसेंबरात पुण्याची रात्र दहा-बारा अंशांवर उतरते. पीठ फुगवणाऱ्या जिवाणूंना तीसच्या आसपासची ऊब लागते. उन्हाळ्यात आठ तासांत वर येणारं पीठ थंडीत सकाळपर्यंत तसंच बसून राहतं. तेव्हा पिंपं बॉयलरच्या भिंतीला लावून, गोणपाट गुंडाळून ठेवायची असं ठरलं आहे. सोडा घालायला अण्णा तयार नाहीत.

आणि अण्णा साठीला आले आहेत. उजवा खांदा रात्री दुखतो. हाताखाली ओडिशाचा एक मुलगा आहे, चलाख आहे, त्याला सध्या फक्त सेट डोसा घालू देतात, कारण तो पसरावा लागत नाही. मे महिन्यात अण्णा गावी जातात. तोपर्यंत मुलाचा हात बसला नाही तर तेवढे दिवस साधा डोसा यादीतून काढा, असं त्यांनी मालकांना सांगून ठेवलं आहे. मालकांनी अजून हो म्हटलेलं नाही. पावभाजीसाठी वेगळा, लहान तवा मात्र त्यांनी सांगितला आहे. तो आला की पुन्हा खपली घासण्यापासून सुरुवात, आणि ते काम मुलाने एकट्याने करायचं, ही अण्णांची अट आहे.